पेटी आपली, किल्ली परक्याची

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतों. आमच्या सोनारीच्या पंचक्रोशींतील एक विद्यार्थी दहावीच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला. घरची शेती कोरडवाहू, तेव्हां पुढील शिक्षणासाठीं त्यानें एका शिष्यवृत्तीचा अर्ज केला. अर्ज संगणकावर भरावयाचा असल्यामुळें बाजाराच्या गांवीं जाऊन एका दुकानांत तो भरला, पावती घेतली, आणि मुलगा निश्चिंत झाला. पुढें पंधरा दिवसांनीं कचेरीकडून पत्र आलें कीं, ‘उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट आहे, सात दिवसांत स्पष्ट प्रत पाठवावी.’ परंतु हें पत्र टपालवाल्याच्या हातून आलें नाहीं. तें ई-मेलनें आलें. मुलाला तें ठाऊकच नव्हतें. त्याचें जीमेलचें खातें दुकानदारानें उघडून दिलें होतें, पासवर्ड त्यानेंच ठरविला होता, आणि खातें परत मिळविण्यासाठीं जो मोबाइल क्रमांक नोंदवावा लागतो तोही दुकानांतलाच, पुढें बंद पडलेला. मुलगा चौकशीस गेला तेव्हां मुदत उलटून नऊ दिवस झाले होते.

ह्यांत दोष कोणाचा म्हणावा? कचेरीनें पत्र वेळेवर पाठविलें. दुकानदाराच्या मनांत कांहीं काळेंबेरें नव्हतें. गर्दीच्या दिवसांत हाताखालून अर्ज निघावे एवढेंच तो पाहत होता. मुलानें सर्व माहिती खरी भरली होती. प्रत्येकानें आपापलें काम केलें, आणि तरीही पत्र पेटींतच राहिलें. कारण पेटी मुलाच्या नांवाची, पण किल्ली मात्र परक्याच्या खिशांत! आमच्या मतें हा एकट्या मुलाचा प्रश्न नाहीं. आज खेड्यापाड्यांतून घरोघरीं ही पेटी आहे. तिचा उपयोग मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे. म्हणून ह्या विषयावर विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द मोकळेपणानें बोलावे, असें आम्हांस वाटतें.

आपल्या भागास टपालाची ओळख नवी नाहीं. १९४८ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता, आणि त्या संस्थानाचें स्वतःचें टपालखातें होतें. त्याचीं तिकिटें १८६९ पासून निघत असत. पुढें १९५० सालीं तें खातें भारताच्या टपालखात्यांत विलीन झालें. इंग्रजी मुलुखांत १ जुलै १८७९ रोजीं पोस्टकार्ड निघालें. त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा होती. एका पैशांत गरिबाचा निरोप शेंकडों कोस जाऊं लागला, ही त्या काळीं केवढी क्रांति होती, ह्याची कल्पना आज करणें कठीण आहे. ज्याचा मुलगा दूर गिरणींत कामास गेला आहे, अशा आईला तें कार्ड म्हणजे मुलाचें दर्शनच वाटे. तें वाचतां येत नसे म्हणून ती शेजाऱ्याकडे किंवा गुरुजींकडे जाई, आणि तिच्या घरचें सुखदुःख आधीं दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाऊन मग तिच्या कानीं पडे. ह्या गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. कारण आमचा आजचा मुद्दा ह्याच जातीचा आहे.

पत्र योग्य दारीं पोंचण्यास पत्ता नेमका असावा लागतो. सोनारी नांवाचें गांव कांहीं आमचेंच एकटें नाहीं. आसामांत सोनारी आहे, आणि जमशेदपूर शहराचाही एक भाग सोनारी ह्याच नांवाचा आहे. हा घोटाळा मिटावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजीं आपल्या देशांत पिन क्रमांक सुरू झाला. त्याची योजना करणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, आणि टपालखात्यांत काम करतां करतां संस्कृतांत काव्य लिहिणारे रसिक पंडित होते. सहा अंकांत पहिला अंक विभागाचा, पुढचे दोन त्याच्या पोटविभागाचे, आणि शेवटचे तीन टपालकचेरीचे. आपल्या जिल्ह्यांतील पिन क्रमांक ४१३ ह्या अंकांनीं सुरू होतात, हें मुलांना पाठच असेल. तेव्हां पत्ता ही नुसती ओळ नव्हे. त्यांत मोठी व्यवस्था सांठविलेली असते.

ई-मेलचा पत्ताही असाच दोन भागांचा असतो. पूर्वार्ध माणसाचा, उत्तरार्ध पेटी सांभाळणाऱ्या संस्थेचा, आणि मध्यें ‘ॲट’ नांवाचें वेटोळें चिन्ह. १९७१ सालीं अमेरिकेंतील रे टॉमलिन्सन ह्यांनीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवितांना हें चिन्ह योजिलें, आणि तेंच पुढें जगभर रूढ झालें. आपल्या देशांत सामान्य लोकांस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्या काळीं बहुतेकांचें ई-मेल ज्या कंपनीची अथवा कचेरीची जोडणी असे तिच्याशींच बांधलेलें असे. ४ जुलै १९९६ रोजीं सबीर भाटिया व जॅक स्मिथ ह्या दोघांनीं हॉटमेल सुरू केलें, तेव्हां कोणत्याही गांवच्या कोणत्याही संगणकावर बसून स्वतःची पेटी उघडतां येऊं लागली, आणि तीही फुकट. ह्यांतील सबीर भाटिया हे भारतांत वाढलेले. मुंबईच्या रेडिफनेंही अशीच पेटी दिली, आणि अनेक मराठी कुटुंबांनीं परदेशीं गेलेल्या मुलांस पहिलें ई-मेल रेडिफमेलवरूनच पाठविलें.

जीमेल आलें १ एप्रिल २००४ रोजीं. इतर ठिकाणीं दोन किंवा चार मेगाबाइटांची जागा मिळत असतांना गूगलनें एक गिगाबाइट, म्हणजे कित्येक शेंकडे पट जागा देऊं केली. दिवस एप्रिलफुलाचा, तेव्हां पुष्कळांस ही थट्टाच वाटली! पॉल बुखाइट ह्या अभियंत्यानें हें काम आरंभिलें होतें, आणि त्यामागील विचार मोठा साधा होता: पत्र टाकून देण्याची गरजच नसावी, आणि हवें तें पत्र शोधतांच सांपडावें. पहिलीं कांहीं वर्षें निमंत्रण असेल त्यालाच खातें मिळे. २००७ पासून तें सर्वांस खुलें झालें. आज १५ गिगाबाइट जागा विनामूल्य मिळते. मात्र ती पत्रें, कागदपत्रें व छायाचित्रें ह्या तिघांत वांटलेली असते, हें ध्यानांत ठेवावें. लग्नाचे व्हिडिओ भरून ठेवले आणि जागा संपली, तर परीक्षेचें पत्रही पेटींत येऊं शकत नाहीं.

आतां आपल्या घरांतील स्थिति पाहूं. अँड्रॉइडचा फोन घेतला कीं बहुधा जीमेलचें खातें उघडलें जातें, म्हणून बहुतेकांजवळ तें आहे. पण त्याचा उपयोग होतो तो फोनचें कुलूप काढण्यापुरता. पेटींत जाहिरातींचीं हजारों पत्रें न वाचलेलीं पडलेलीं असतात, आणि त्यांच्या ढिगाऱ्याखालीं शाळेचें, बँकेचें अथवा विमा कंपनीचें एखादें खरें पत्र गुदमरत असतें. घरामागें विहीर आहे, पण पोहरा नाहीं, अशांतला हा प्रकार आहे. नवीन वस्तु विकत घेण्याची येथें गरज नाहीं. जें घरांत आहे तें नीट वापरण्याची संवय तेवढी हवी आहे.

पहिली संवय किल्लीची. आपलें खातें आपण स्वतःच्या हातानें उघडावें. मूल तेरा वर्षांहून लहान असेल तर तें आईवडिलांच्या देखरेखीखालीं असावें. पासवर्ड लांब असावा. चार असंबद्ध शब्द जोडून केलेला पासवर्ड लक्षांत राहतो आणि दुसऱ्यास ओळखतां येत नाहीं. जन्मतारीख, मोबाइल क्रमांक किंवा स्वतःचें नांव हे पासवर्ड नव्हेत. तें दार उघडें टाकणें आहे. विसरण्याची भीति वाटत असेल तर एका वहींत लिहून ती वही घरच्या पेटींत, सातबारा व शिधापत्रिका जेथें ठेवतों तेथें, ठेवावी. खातें परत मिळविण्यासाठीं जो क्रमांक द्यावयाचा तो आईचा किंवा वडिलांचा, जो सहसा बदलत नाहीं असा द्यावा. आणि घरांत नवें सिमकार्ड आलें कीं त्याच दिवशीं तो बदलावा. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी, म्हणजे पासवर्ड चोरीस गेला तरी फोनवर संमति दिल्याशिवाय चोरास आंत जातां येत नाहीं. आणि फोनवर येणारा ओटीपी कोणासही सांगूं नये. तो मागणारा कितीही गोड बोलो, अधिकारी म्हणवो, कीं बँकेचें नांव घेवो. फसगत झालीच तर वेळ न दवडतां १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी.

दुकानांतील संगणक वापरावा लागलाच तर उठण्यापूर्वीं खात्यांतून बाहेर पडलों ह्याची खात्री करावी. विसरलों असें घरीं आल्यावर आठवलें तरी उपाय आहे. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर कोणकोणत्या यंत्रांवर आपलें खातें उघडें आहे ह्याची यादी दिसते, आणि घरच्या फोनवरूनच दूरचें दार बंद करतां येतें. आणखी एक नियम पालकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावा. सलग दोन वर्षें न वापरलेलें वैयक्तिक खातें गूगल काढून टाकूं शकतें. हें धोरण २०२३ सालीं जाहीर झालें. दहावीला उघडलेलें खातें बारावीनंतर आठवलें, आणि तोंवर आंतील गुणपत्रिकांसह तें नाहींसें झालें, असें होऊं नये. महिन्यांतून एकदां तरी पेटी उघडावी, म्हणजे ही भीति उरत नाहीं.

दुसरी संवय निवडीची. आपल्या आया धान्य सुपांत घेऊन पाखडतात. खडे, भूस, दाणे वेगळे करतात. पेटीचेंही तसेंच करावें. ज्या दुकानांच्या जाहिराती नको आहेत त्यांच्या पत्रावर सदस्यत्व रद्द करण्याचें बटण असतें. तें दाबलें कीं पुढील ओघ थांबतो. शाळा, परीक्षा, बँक, शेती अशीं लेबलें करावींत. जुन्या फायलींत एक कागद एकाच ठिकाणीं राहतो. येथें मात्र एकाच पत्रास दोन लेबलें लावतां येतात, म्हणून फी भरल्याची पावती ‘शाळा’ ह्यांतही सांपडते आणि ‘बँक’ ह्यांतही. त्याहून उपयोगी म्हणजे गाळणी. अमुक पत्त्यावरून आलेल्या पत्रास आपोआप अमुक लेबल व तारा लागावा, अशी आज्ञा एकदां दिली कीं पेटी ती जन्मभर पाळते. असा आज्ञाधारक कारकून कोणत्या कचेरींत मिळेल?

शोध घेण्याची सोय तर ह्या पेटीचें मुख्य बळ आहे. वरच्या चौकटींत एखादा शब्द लिहिला तरी चालतें. पण संगणकावर त्या चौकटीच्या उजव्या टोकाशीं एक लहान चिन्ह असतें, तें दाबलें असतां छापील फॉर्मासारखी जागा उघडते. पत्र कोणाकडून आलें, विषय कोणता, कोणत्या तारखेच्या सुमाराचें, सोबत कागद जोडला होता कीं नाहीं, हें तेथें भरावें. तीन वर्षांपूर्वींची पावती क्षणांत समोर येते. अर्जांच्या व प्रवेशांच्या दिवसांत स्पॅमचा कप्पाही रोज पाहावा. कारण खरें पत्र कधीं कधीं चुकून तेथें जाऊन पडतें, आणि तेथील पत्रें ३० दिवसांनीं नष्ट होतात. कचरापेटींत टाकलेल्या पत्रांचीही मुदत तेवढीच आहे. जें पत्र समोर नको पण टाकावयाचेंही नाहीं, तें संग्रहांत सरकवावें. तें डोळ्यांआड होतें, हातांतून जात नाहीं.

तिसरी संवय लेखनाची, आणि शाळेच्या दृष्टीनें तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्वीं मराठी शाळेंत पत्रलेखनाचा तास असे. मायना कसा लिहावा, वडिलांस ‘तीर्थरूप’ केव्हां व गुरुजींस ‘आदरणीय’ केव्हां, मजकुराचा आरंभ व शेवट कसा करावा, हें मुलें शिकत. परीक्षेंत पत्रलेखन आजही आहे. पण तेथून बाहेर आलेलें मूल शिक्षकांस जें ई-मेल पाठवितें त्यांत ना मायना, ना विषय, ना नांव! ‘सर फाइल पाठवली आहे’ एवढीच ओळ. पाठविणारा कोण, इयत्ता कोणती, फाइल कसली, हें शिक्षकांनीं ओळखावें. फाइलीचें नांव म्हणजे तर कॅमेऱ्यानें दिलेले आंकडे.

पत्राचा विषय असा लिहावा कीं पत्र न उघडतांही कळावें: ‘इयत्ता नववी, हजेरी क्रमांक १७, भूगोलाचा प्रकल्प.’ आरंभीं मायना, मग दोन वाक्यांत काम, शेवटीं पूर्ण नांव व वर्ग. जोडलेल्या कागदास स्वतःचें नांव व कागदाचें नांव द्यावें. २५ मेगाबाइटांपेक्षां मोठी फाइल सरळ जोडली जात नाहीं, तिचा दुवा पाठवावा लागतो. तो दुवा समोरच्यास उघडण्याची परवानगी आपण दिली आहे कीं नाहीं तें पाहावें. आणि अशा कामासाठीं पत्ताही शोभेसा असावा. मित्रांत हंशा पिकविण्यासाठीं ‘राजा’, ‘डॉन’ असे शब्द घालून केलेला पत्ता उद्यां नोकरीच्या अर्जावर लिहितांना मान खालीं घालावयास लावतो. स्वतःचें नांव व आडनांव, एवढें पुरे. त्यांतील टिंबांची चिंता नको. जीमेल पत्त्यांतील टिंबें जमेंतच धरीत नाहीं.

चूक झाली तर सांवरण्याचीही सोय आहे. पत्र पाठविल्यावर तें परत घेण्याचें बटण कांहीं सेकंद खालीं दिसत राहतें. ही मुदत सेटिंग्जमध्यें जाऊन ३० सेकंदांपर्यंत वाढवितां येते. रागाच्या भरांत लिहिलेलें पत्र परत घेण्यास तीस सेकंद म्हणजे फार झाले, असें कोणी म्हणेल. पण सुटलेला शब्द परत घेण्यास तोंडाला तेवढीही सवलत नाहीं! रात्रीं लिहिलेलें पत्र सकाळीं आठ वाजतां जावें असेंही २०१९ पासून ठरवितां येतें. ज्यांच्या घरीं वडीलमाणसें लवकर झोंपतात त्यांस ह्या सोयीचें मोल कळेल.

हीं सर्व पत्रें मराठींत लिहितां येतात, हें वेगळें सांगावें लागावें ह्याचेंच आम्हांस वाईट वाटतें. पेटीची भाषा सेटिंग्जमध्यें मराठी करतां येते. फोनच्या कीबोर्डावर मराठी अक्षरें आहेत. ज्यांस टंकलेखनाचा कंटाळा त्यांनीं बोलावें, फोन तें मराठींत लिहून घेतो. ‘ई-मेल म्हणजे इंग्रजी’ ही समजूत आमच्या मुलांच्या डोक्यांत कोठून शिरली कोण जाणे! तिच्यामुळें कित्येक हुशार मुलें मोडक्या इंग्रजींत दोन ओळी खरडून गप्प बसतात. जें मनांत असतें तें मनांतच राहतें. पोस्टकार्ड ज्या भाषेंत लिहीत होतों तीच भाषा ह्याही पेटीला चालते.

चौथी संवय जपणुकीची. पालकांस विशेषतः सांगावेसें वाटतें कीं, पीकविम्याची पावती, दाखले, गुणपत्रिका, बँकेशीं झालेला व्यवहार ह्यांच्या प्रती काढून स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून ठेवाव्या. घर गळतें, कागदास वाळवी लागते, फोन विहिरींत पडतो. पेटींतील प्रत मात्र दुसऱ्या फोनवर पुन्हां दिसते. तोंडी बोलणें विसरतां येतें, ई-मेलवरील तारीख व वेळ विसरतां येत नाहीं. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें अशा लेखांस मान्यता दिली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत ई-मेलची गणना दस्तऐवजांत केली आहे. म्हणून कोणत्याही कचेरीशीं महत्त्वाचें बोलणें झालें कीं त्याचा सारांश दोन ओळींत ई-मेलनें कळवावा. विजेचा व रेंजचा भरंवसा नसलेल्या गांवीं एक गोष्ट आणखी उपयोगी आहे. फोनवर लिहिलेलें पत्र रेंज नसतांना पाठविलें तर तें थांबून राहतें, आणि रेंज येतांच आपोआप जातें.

आमचें हें म्हणणें ऐकून कोणी विचारतील, ‘व्हॉट्सॲप असतांना हें लचांड कशाला?’ प्रश्न रास्त आहे. घरगुती निरोपास व्हॉट्सॲप उत्तम आहे. आम्हीही तेंच वापरतों. पण तें चावडीवरचें बोलणें आहे आणि हें दप्तरांतलें पत्र आहे. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ति, नोकरी ह्यांचें कामकाज अजून बहुतांशीं ई-मेलवर चालतें. चावडीवर कितीही गप्पा झाल्या तरी खरेदीखत दप्तरांतच नोंदवावें लागतें, हें शेतकऱ्यांस आम्हीं सांगावयास नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही पेटी फुकट कशी? ती चालविणारी कंपनी धर्मशाळा चालवीत नाहीं. तिचा मोठा व्यवसाय जाहिरातींचा आहे. जाहिराती निवडण्यासाठीं पूर्वीं पत्रांतील मजकूरही यंत्राकडून तपासला जात असे. ही रीत बंद करीत असल्याचें कंपनीनें २०१७ सालीं जाहीर केलें. तरी आपली सर्व स्मृति एकाच परक्या घरीं ठेवणें शहाणपणाचें नव्हे. तेथें ‘टेकआउट’ नांवाची सोय आहे. तिच्या द्वारें आपल्या सर्व पत्रांची प्रत उतरवून घेतां येते. वर्षांतून एकदां, दिवाळीची झाडलोट करतों त्या सुमारास, ती उतरवून घ्यावी. आमचा आग्रह जीमेलसाठीं नाहीं. रेडिफ, झोहो, आउटलुक ह्यांपैकीं जी पेटी ज्यास सोयीची ती त्यानें ठेवावी. बहुतेकांजवळ जीमेल आहे म्हणून उदाहरण तिचें घेतलें. किल्ली स्वतःची असणें, हें मात्र सर्वत्र सारखेंच लागू आहे.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि त्यांत काळजी आहे. ‘मुलाच्या हातीं आधींच फोन सुटत नाहीं, त्यांत तुम्ही आणखी एक निमित्त देतां.’ आमचें उत्तर असें कीं, फोनवर वेळ जातो तो करमणुकीच्या न संपणाऱ्या चित्रांत. पेटीचें काम आठवड्यांतून दोनदां दहा मिनिटांत संपतें, आणि संपलें कीं उठावयाचें असतें. संपणारें काम आणि न संपणारी करमणूक ह्यांतला भेद मुलास शिकवावयाचा असेल तर ह्याहून चांगला धडा कोठें मिळेल?

तेव्हां आमची सूचना एवढीच आहे. शाळा उघडतांच जून महिन्यांत एक तास नववीच्या मुलामुलींस ह्या कामासाठीं द्यावा. पालकांपैकीं एकानें सोबत बसावें. प्रत्येक मुलानें आपलें खातें आपल्या हातानें उघडावें, अथवा जुन्याचा पासवर्ड बदलून घ्यावा. शिक्षकांनीं प्रत्येकास मराठींत एक पत्र पाठवावें, आणि आठ दिवसांत त्याचें रीतसर उत्तर यावें. उत्तरास गुण द्यावेत. गांवीं हें काम आणखी सोपें आहे. दरवर्षीं चैत्रांत काळभैरवनाथाच्या यात्रेस पुण्या-मुंबईची माणसें सोनारीस येतात. त्यांत संगणकावर पोट भरणारे कितीतरी आहेत. कुलदैवतास नारळ वाहून झाल्यावर भावकींतल्या मुलांबरोबर एक संध्याकाळ त्यांनीं बसावें, चुलत्याच्या फोनांतील पेटी साफ करून द्यावी, आजीला एक पत्र वाचून दाखवावें. ह्यांत खर्च नाहीं, आणि हें कोणा अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून अडत नाहीं.

मुलींविषयीं एक शब्द वेगळा सांगणें अवश्य आहे. पुष्कळ घरीं मुलाच्या नांवानें खातें असतें, आणि मुलीचे अर्ज भावाच्या किंवा चुलत्याच्या पत्त्यावरून जातात. लग्न होऊन ती सासरीं गेली म्हणजे तिच्या गुणपत्रिका व दाखले माहेरच्या कोणाच्या तरी फोनांत राहतात, आणि पुढें शिकावें असें तिच्या मनांत आलें कीं कागदांसाठीं तिला हात पसरावा लागतो. पूर्वीच्या आईचें पत्र शेजारी वाचून दाखवीत असे, तें तिला अक्षर येत नव्हतें म्हणून. आजच्या मुलीस अक्षर येतें, संगणक येतो. मग तिच्या पत्राची किल्ली दुसऱ्याच्या हातीं कां असावी? ह्याचें उत्तर प्रत्येक पालकानें आपल्या मनाशीं द्यावें.

ज्या मुलाच्या गोष्टीनें आरंभ केला त्याची हकीकत सांगून लेख पुरा करतों. त्या वर्षाची रक्कम गेली ती गेली. ती परत मिळाली नाहीं. वडिलांनीं उसनवारी करून त्यास अकरावीस घातलें, आणि ती उसनवारी अजून फिटावयाची आहे. पण त्यानें नवें खातें स्वतः उघडलें, वडिलांचा क्रमांक त्यास जोडला, आणि एका वहीच्या पहिल्या पानावर पासवर्ड लिहून ती वही आईच्या स्वाधीन केली. ह्या वर्षीं गांवांतील दहावीच्या चार मुलांचे अर्ज भरावयाचे होते, तेव्हां तो त्यांच्याबरोबर दुकानांत गेला. पासवर्ड लिहावयाची वेळ आली तेव्हां त्यानें दुकानदारास नम्रपणें कळफलक त्या मुलांच्या हातीं द्यावयास सांगितलें, आणि स्वतः पाठ फिरवून उभा राहिला. दुकानदारही हंसला आणि खुर्चीवरून उठला.

विद्यार्थिमित्रहो, आज घरीं गेल्यावर एवढें करा: आपली पेटी उघडा, आणि तिच्या किल्लीची जागा आईवडिलांस दाखवून ठेवा.